खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग जुळले असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाडीचे इंजिन उघडून पुन्हा बांधण्याविषयी आपल्या वाहन पुरवणीत आलेला लेख उपयुक्त होता. बोअरिंग, रिंगा, बेअरिंग या सगळ्यांवर त्यात सविस्तर लिहिले आहे. क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका मेळात फिरवणारा टायमिंग बेल्ट मात्र ‘खुणा जुळवून बेल्ट चढवावा’ एवढ्या एका वाक्यात आटोपला आहे. फुल इंजिन काम होऊन गाडी सुरूच न होणे, सुरू झाली तर फटके मारणे, किंवा पहिल्याच सेल्फला व्हॉल्व्ह वाकून बसणे, या तिन्ही तक्रारी बहुतेक वेळा त्या एका वाक्याच्या पोटातून निघतात. म्हणून हे पत्र.

आधी कोणत्या गाड्यांबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करू. मारुतीची के-मालिकेतली पेट्रोल इंजिने आणि स्विफ्ट-डिझायरचे १.३ लिटर डिझेल साखळीवर चालतात. त्यांना हे पत्र लागू नाही. मारुती ८०० आणि अल्टोचे ७९६ सीसी इंजिन, जुनी झेन, एस्टीम, सँट्रोचे १.१ लिटर, इंडिकाचे १.४ लिटर डिझेल, डस्टरचे १.५ डिझेल आणि १.६ पेट्रोल ही सगळी बेल्टवाली. यातल्या बऱ्याच गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि त्यांची इंजिने गल्लीतल्या गॅरेजातच बांधली जातात.

बेल्ट बसवल्यावर कॅमची खूण थोडी पुढे-मागे दिसली की गॅरेजात ठरलेले उत्तर मिळते: ‘हेड फेस केलंय ना, म्हणून खूण थोडी हटणारच.’ फेस करणे म्हणजे हेडची (सिलिंडरांवर बसणाऱ्या, व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागाची) खालची बाजू मशीनवर घासून सपाट करणे. हे उत्तर हिशेबात टिकत नाही. समजा कॅमच्या पुलीला ४० दाते आहेत, क्रँकच्या पुलीला २० आणि दोन दात्यांमधले अंतर ८ मि.मी. कॅम-पुलीचा घेर झाला ३२० मि.मी. हेड ०.३ मि.मी. घासले, तर कॅम क्रँकच्या दिशेने तेवढाच खाली येतो आणि खूण पुलीच्या कडेवर जेमतेम ०.३ मि.मी. सरकते. अंशात मोजले तर कॅमवर सुमारे एक तृतीयांश अंश, क्रँकवर पाऊण अंशाच्या आत. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसतही नाही. उलट एक दाता चुकला तर खूण सरळ ८ मि.मी. हटते: कॅमवर ९ अंश, क्रँकवर १८. म्हणजे खूण अर्ध्या दात्याने, ४ मि.मी.ने चुकलेली दिसत असेल आणि त्याला फेसिंग कारण असेल, तर हेड ४ मि.मी. कापले गेले असले पाहिजे. तसे हेड भंगारातच जाते.

तेव्हा अर्ध्या दात्याचा फरक दिसला की फेसिंगचे नाव सोडून दुसरीकडे शोधायचे. बहुतेक वेळा चूक चारपैकी एका जागी सापडते. पुलीवर एकाहून अधिक खुणा असतात आणि भलतीच धरलेली असते. कॅमची पुली तिच्या डॉवेल पिनवर (जागा ठरवणाऱ्या खुंटीवर) पूर्ण बसलेली नसते. बेल्टच दुसऱ्या मॉडेलचा असतो. किंवा क्रँकच्या नाकावरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, चावी (पुलीला क्रँकशी अडकवणारा तुकडा) आणि तिची खाच झिजलेली असते. शेवटचे कारण सगळ्यांत जास्त निसटते, कारण चावी जागेवर दिसत असते. खाचेत अर्धा मिलिमीटर जरी खेळ असला आणि क्रँकच्या नाकाची त्रिज्या १३ मि.मी. धरली, तरी २ अंशांहून अधिक फरक पडतो आणि इंजिन चालताना तो वाढतच जातो. पुली हाताने मागे-पुढे हलवून पाहा. जराही ‘टक’ वाजली तर ती क्रँक तशीच बसवू नये. बेल्टचे म्हणाल तर नुसत्या खोक्यावरच्या नंबरावर विसंबू नका. जुन्या आणि नव्या बेल्टचे दाते खडूने खूण करून मोजा, रुंदी मोजा, आणि दाते चौकोनी आहेत की गोल तेही पाहा. ८ मि.मी. आणि ९.५२५ मि.मी. अंतराचे बेल्ट हातात घेतले तर जवळपास सारखेच भासतात.

मग फेसिंगने काहीच बिघडत नाही का? बिघडते, पण दुसरीकडे. हेड जेवढे घासले तेवढे व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. अनेक डिझेल हेड कंपनीच्या नियमाप्रमाणे घासायचेच नसतात. बऱ्याच डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते मोजून त्या मापाचे हेड गॅस्केट निवडावे लागते. गॅस्केटच्या कडेला असलेल्या भोकांवरून किंवा खाचांवरून ते ओळखायचे. अशा इंजिनात पूर्वी कदाचित एका दात्याची चूक खपली असती, ती फेसिंगनंतर खपत नाही. कोणते व्हॉल्व्ह वाकले यावरून चूक कोणत्या बाजूची होती तेही कळते. कॅम मागे पडला असेल तर पिस्टन वर येईपर्यंत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटलेला नसतो, म्हणून तो मार खातो. कॅम पुढे गेला असेल तर इनलेट लवकर उघडतो आणि तो वाकतो.

दुसरा मुद्दा क्रँकच्या खुणेचा. बाहेरच्या मोठ्या पुलीवरच्या खुणेवर विश्वास ठेवून टी.डी.सी. (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा) धरणे हा जुगार आहे. ती पुली दोन कड्यांची असते, मध्ये रबर. रबर जुने झाले की बाहेरचे कडे सरकते आणि खूणही त्याच्याबरोबर जाते. खरी खूण आतल्या दात्यांच्या पुलीवर आणि ऑइल पंपाच्या बॉडीवर असते. तरीही नव्याने बांधलेल्या इंजिनात टी.डी.सी. एकदा प्रत्यक्ष मोजून घ्यावा. प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून ‘वर आला’ म्हणणे पुरेसे नाही. ७२ मि.मी. स्ट्रोकच्या इंजिनात टी.डी.सी.च्या आधी ५ अंशांवर पिस्टन सर्वोच्च जागेपासून ०.२ मि.मी.हूनही कमी खाली असतो. बोटाला काय कळणार?

पद्धत अशी. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून डायल गेजचा (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचा) लांब दांडा पिस्टनवर टेकवा आणि पिस्टन सर्वांत वर असताना काटा शून्यावर आणा. क्रँक थोडी मागे नेऊन पुन्हा चालत्या दिशेने फिरवा आणि पिस्टन वर यायला १ मि.मी. बाकी असताना थांबा. पुलीवर पेन्सिलीने एक रेघ मारा. तसेच पुढे फिरवत टी.डी.सी. ओलांडा आणि पिस्टन १ मि.मी. खाली गेला की दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मधोमध खरा टी.डी.सी. दोन्ही वेळा क्रँक त्याच दिशेने फिरलेली हवी, नाहीतर बेअरिंगमधला खेळ मापात शिरतो. कंपनीची खूण या मध्याशी जुळली तर निर्धास्त पुढे जा. जुळली नाही तर बेल्टला हात लावू नका, आधी चावी आणि पुली पुन्हा पाहा. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात. डायल गेज हल्ली परवडणारे हत्यार आहे.

बेल्ट नसताना कॅम किंवा क्रँक सुटी फिरवणे धोक्याचे. चार सिलिंडर इंजिनात क्रँक टी.डी.सी.पासून ९० अंश मागे नेली की चारही पिस्टन मध्यावर येतात. मग कॅम बिनधास्त खुणेवर आणावा आणि त्यानंतर क्रँक जवळच्या वाटेने परत टी.डी.सी.वर. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडर इंजिनात सगळे पिस्टन एकदम मध्यावर येत नाहीत. तिथे एक पिस्टन तळाशी न्यायचा, म्हणजे उरलेले दोन वरून सुमारे २ सें.मी. खाली राहतात.

आता प्रत्यक्ष बेल्ट. क्रँक बेल्टला ज्या बाजूने ओढते ती ताठ बाजू. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर असतो दुसऱ्या, सैल बाजूला. बेल्ट क्रँकपासून सुरू करून ताठ बाजूने कॅमपर्यंत ताणून न्यायचा आणि टेन्शनरवरून सगळ्यांत शेवटी घ्यायचा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ताठ बाजूला थोडी ढील राहते. त्या क्षणी दोन्ही खुणा अगदी बरोबर दिसतात, टेन्शनरही घट्ट लागतो. पण क्रँक फिरवताच आधी ती ढील ओढली जाते, तोवर कॅम जागेवर उभा राहतो आणि दोन फेऱ्यांनंतर एक दाता मागे दिसतो. मेकॅनिकला वाटते बेल्टने दाता सोडला. बेल्टने काही सोडलेले नसते, तो पहिल्यापासूनच एका दात्याने चुकीचा बसलेला असतो.

बहुतेक इंजिने पुलीच्या बाजूने पाहिले असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. भारतातल्या होंडा सिटीचे २००३ पर्यंतचे पहिल्या पिढीचे इंजिन मात्र उलटे फिरते. तिथे सवयीने नेहमीच्या दिशेला फिरवले की ताठ आणि सैल बाजूची अदलाबदल होते. त्या इंजिनात बेल्ट बसण्यासाठी क्रँक पाच-सहा फेऱ्या फिरवून, मग कॅम-पुलीचे ३ दाते पुढे नेऊन टेन्शनरचा बोल्ट घट्ट करायचा असतो. हे ‘३ दाते’ वाचून अनेक जण बेल्टच तीन दाते सरकवतात!

सुझुकीच्या रॉकरवाल्या (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये तरफ असलेल्या) इंजिनांत आणखी एक पायरी आहे आणि ती जवळजवळ सगळे गाळतात. टॅपेटचे (व्हॉल्व्हची फट ठरवणारे) सगळे ॲडजस्टिंग स्क्रू आणि त्यांची नट आधी पूर्ण ढिली करायची. कारण साधे आहे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा रॉकरमार्फत कॅमला ढकलत असतात. त्या जोरामुळे बेल्टची एक बाजू खोटीच ताठ होते आणि टेन्शनरच्या छोट्या स्प्रिंगला ढील ओढता येत नाही. स्क्रू ढिले केले की कॅम मोकळा होतो आणि ती स्प्रिंग आपले काम करते. बेल्ट घालून क्रँक दोन फेऱ्या फिरवायची, ढील उरलेली नाही याची खात्री करायची, आधी टेन्शनरचा स्टड आणि मग बोल्ट टॉर्क पान्याने आवळायचा. टॅपेट त्यानंतर फिलर गेजने लावायचे. ज्यांनी टॅपेट आधीच लावून टाकले त्यांना हे दुप्पट काम वाटते, म्हणून ते टेन्शनरवर पहार लावून हाताच्या अंदाजाने बेल्ट ताणतात. पुढे ५-१० हजार किलोमीटरवर वॉटर पंपाचे बेअरिंग ओरडू लागले की दोष पंपाला. याच इंजिनांत क्रँक-पुलीमागे एक पातळ चकती असते, बेल्ट गाइड. तिची खोलगट बाजू ऑइल पंपाकडे हवी. उलटी बसली तर ती बेल्टची कड खात राहते आणि कव्हरमध्ये काळी भुकटी साठते.

काट्याच्या ऑटोमॅटिक टेन्शनरमध्ये काटा खाचेसमोर आणला की झाले, असा समज आहे. एक्सेंट्रिक (टेन्शनरचा जो भाग फिरवून ताण लावतात तो) कोणत्या दिशेने फिरवायचा याला महत्त्व आहे. उलट दिशेने फिरवूनही काटा जागेवर आल्यासारखा दिसू शकतो. टेन्शनरची मागची जीभ हेडच्या खाचेत बसली आहे का, हेही बोटाने चाचपून पाहावे. हे काम इंजिन थंड असतानाच करायचे.

बोल्टांबाबत थोडे कडक लिहावे लागेल. कॅम-पुलीचा बोल्ट आवळताना पुली पकडायला वेगळे हत्यार हवे. बेल्टच्या आधाराने आवळला तर बेल्टच्या आतले काचतंतू तुटतात, वरून काही दिसत नाही. लॉकिंग पिनच्या आधाराने आवळला तर पिन वाकते किंवा हेडचे भोक फाटते. पिन जागा दाखवण्यासाठी असते, जोर सोसण्यासाठी नसते. डस्टरच्या १.६ पेट्रोलसारख्या इंजिनात तर क्रँकची दात्यांची पुली चावीने अडकलेलीच नसते, नुसत्या बोल्टच्या दाबावर धरलेली असते. म्हणून क्रँकचे नाक, पुलीचे भोक आणि टेकणाऱ्या बाजू क्लीनरने पुसून तेलाचा अंशही ठेवायचा नसतो. नव्या इंजिनात सगळीकडे तेल चोपडण्याची जी सवय लागलेली असते, ती इथे घात करते. ठरलेल्या टॉर्कनंतर आणखी काही अंश फिरवून आवळायचे बोल्ट पुन्हा वापरू नयेत.

बेल्ट लागला. सेल्फ मारण्याआधी सगळे प्लग काढून क्रँक पान्याने, चालत्या दिशेनेच, दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. क्रँकच्या दोन फेऱ्या म्हणजे कॅमची एक. फिरवायची ती क्रँकच्या बोल्टने, कॅमच्या बोल्टने कधीच नाही. मध्ये कुठे कडक अडले तर तिथेच थांबा, जोर लावू नका. पान्याने थांबलात तर व्हॉल्व्ह वाचतो, सेल्फ थांबत नाही. दोन फेऱ्यांनंतर पुलीवरच्या खुणा पुन्हा तंतोतंत यायला हव्यात. मात्र बेल्टवर छापलेल्या पांढऱ्या रेघा परत जुळणार नाहीत आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. १२३ दात्यांचा बेल्ट २० आणि ४० दात्यांच्या पुल्यांवर असेल, तर त्या रेघा क्रँकच्या २४६ फेऱ्यांनंतरच मूळ जागी येतात. त्या फक्त चढवतानाच्या सोयीसाठी असतात. हे माहीत नसल्याने चांगला बसलेला बेल्ट उतरवून चुकीचा बसवल्याची उदाहरणे कमी नाहीत.

हायड्रॉलिक लिफ्टर (तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची फट आपोआप भरणारे) नवे घातले असतील तर किमान अर्धा तास इंजिन फिरवू नये. फुगलेले लिफ्टर व्हॉल्व्ह उघडे धरून ठेवतात आणि टायमिंग अचूक असूनही पिस्टन आदळतो. गाडी सुरू होत नाही म्हणून धक्का मारणे किंवा टोचन लावणे, हे नव्या बेल्टवर करू नये.

एवढे करूनही सुरू झाली नाही, तर बेल्ट उघडण्याआधी थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन पाहा. पेट्रोल इंजिनाला साधारण ११ ते १३ किलो प्रति चौरस सें.मी. यायला हवे, रिंगा नव्या असतील तर थोडे कमी. सगळ्या सिलिंडरांत सारखेच कमी असेल तर संशय टायमिंगवर. एकाच सिलिंडरात कमी असेल तर सहसा बेल्टचा संबंध नाही, व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा रिंग पाहा. त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना प्लगच्या भोकातून हवा सोडा: कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनलेट, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. कॉम्प्रेशन उत्तम, तरी कार्ब्युरेटरमधून फटाका? डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) अर्ध्या फेरीने उलटा बसला आहे का ते पाहा. क्रँकची खूण प्रत्येक फेरीत जुळते, पण फायरिंगचा टी.डी.सी. दोन फेऱ्यांतून एकदाच येतो, आणि काही चार सिलिंडर इंजिनांत खुणा जुळतात तेव्हा पहिला नव्हे, चौथा सिलिंडर फायरिंगवर असतो. स्कॅनरवर पी ००१६ कोड आला तर कॅम आणि क्रँकचा मेळ नाही एवढाच त्याचा अर्थ. सेन्सर बदलण्याआधी खुणा पाहा.

सुरू झाल्यावर वेगाबरोबर वाढणारी हुंकारासारखी शीळ आली तर बेल्ट अति ताठ. कव्हरवर फटफट आपटल्याचा आवाज आला तर सैल. बेल्ट एका कडेला सरकत असेल तर वॉटर पंपाखाली सिलिकॉनचा जाड थर देऊन तो तिरका तर बसवला नाही ना, हे पाहावे.

शेवटी एक मागणी, आणि त्यासाठीच आपल्या वृत्तपत्राची मदत हवी. हेड आणि ब्लॉक मशीनवर जातात, पण परत येताना बिलावर ‘हेड फेसिंग – १ नग’ आणि रक्कम एवढेच असते. किती घासले हे फक्त मशीनवाल्याला ठाऊक. पुढच्या वेळी हेच हेड पुन्हा मशीनवर चढते, तेव्हा आधी किती गेले याची नोंद कुठेच नसते. फेसिंगपूर्वीची आणि नंतरची जाडी, ब्लॉकमधून काढलेले मिलिमीटर, बोअरचे ओव्हरसाइज ०.२५ की ०.५०, क्रँकचे अंडरसाइज, या चार ओळी बिलावर लिहायला व्हर्नियर आणि दोन मिनिटे लागतात. गाडीमालकांनी या चार ओळी लिहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि बिलाची एक प्रत गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी.

आपले विश्वासू,
मोटार मेकॅनिक व्यवसायाचे दोन निदेशक,
औद्योगिक प्रशिक्षण संस्था